एंटांच्या बायका कुठे गेल्या?

आमच्या वाचनगटात यावेळी टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) ही कादंबरी होती. चर्चा रंगली ती एंटांवर. एंट म्हणजे झाडांसारखे दिसणारे, चालणारे-बोलणारे, जंगलाचे राखणदार. आपल्या भट्ट्यांसाठी झाडं तोडणाऱ्या सारुमानच्या गढीवर ते चाल करून जातात आणि तट उखडून टाकतात. ‘निसर्गानं कसा धडा शिकवला!’ म्हणून सगळ्याजणी खूश. मीही होते. पण माझं मन एंटांच्या बायकांपाशी अडकलं.

त्यांची हकिगत ट्रीबिअर्ड हा वृद्ध एंट सांगतो. एंटांना रानात भटकायला आवडायचं. बायकांना फळझाडं, धान्य लावायला, जमिनीची निगा राखायला आवडायचं. त्यांनी नदीपलीकडे बागा फुलवल्या. माणसं शेतीची कला शिकली ती त्यांच्याकडून. कष्टानं त्यांच्या पाठी वाकल्या, उन्हानं केसांचा रंग बदलला. मग युद्ध आलं. नंतर एंट तिथे गेले तेव्हा जळका, उजाड माळ उरला होता. बायका नव्हत्या.

एक मैत्रीण म्हणाली, ‘त्यांना सगळं शिस्तीत हवं होतं, म्हणून ताटातूट झाली.’ पण हे तर ट्रीबिअर्डचं म्हणणं! बायकांची बाजू मांडायला कादंबरीत त्यांच्यातली एकही नाही. निसर्गाशी जोडलेली आणखी स्त्री-रूपं कोणती? नदीकन्या गोल्डबेरी, ती घरी आलेल्या पाहुण्यांचं करते. आणि शेलॉब, भूक न भागणारी कोळीण.

एंटांनी बायकांचा पुष्कळ शोध घेतला, हे खरं. पण जंगल तुटलं तेव्हा फौज निघाली. बागा जळल्या त्याचं फक्त दुःख झालं. मला हे खटकतं. रान म्हणजे निसर्ग, आणि राबून पिकवलेली जमीन मात्र बायकांची हौस?

आपल्या व्यासपीठांवरही ‘स्त्री म्हणजेच निसर्ग’ असं सहज म्हटलं जातं. बीना अग्रवाल यांनी १९९२ साली एका लेखात या विचाराला हरकत घेतली. बाईचं निसर्गाशी नातं तिच्या देहातून येत नाही. कामाची वाटणी आणि साधनांवरचा हक्क यांतून ते घडतं, अशी त्यांची मांडणी आहे. एंटांच्या बायकांचं नातंही कामाचंच होतं.

शेतकरी बायकांबरोबर काम करणारी आमची सहकारी शेवटी म्हणाली, ‘त्या बागांचा सातबारा कुणाच्या नावावर होता गं?’ सगळ्या हसलो. पण चर्चेतला सर्वांत गंभीर प्रश्न तोच होता.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात पर्यावरणाचा विषय निघेल तेव्हा जंगलाइतकंच पेरणाऱ्या, खुरपणाऱ्या बाईबद्दलही बोला. आणि तिची हकिगत तिच्याच तोंडून ऐका.