ट्रॉलीचा टायर : स्वस्त कुणाला, महाग कुणाला?



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या शेतकी खात्यात वाहतुकीचे करार भरण्याची धांदल उडते. करारात सगळे असते. ट्रॅक्टरचा नंबर, ट्रॉल्यांचे पासिंग, विमा, जामीनदारांच्या सह्या, उचल किती दिली ते. ज्याच्या जिवावर दहा-बारा टन बोजा रात्रीचा रस्त्याने येणार, त्या टायरबद्दल मात्र एक ओळ नसते. ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खते यांवर लिहावे, टायर हा काय त्याचा विषय, असे कुणी म्हणेल. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने पोटच्या पोरासारखा सांभाळला आणि तोडल्यावर तो फुटलेल्या टायरपायी रस्त्याच्या कडेला दीड दिवस वाळत बसला, तर ते बेणे नि ती खते काय कामाची? तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा म्हणून आम्ही घसा फोडून सांगतो. वजन घटते ते शेतकऱ्याचे, उतारा घटतो तो कारखान्याचा, म्हणजे फिरून आपलाच.

चार हंगामांमागची गोष्ट. जानेवारीतली रात्र, कऱ्हाड-तासगाव रस्ता. मागच्या ट्रॉलीचा डावा टायर फुटला आणि ट्रॉली उसासकट चारीत कलंडली. तोडणी कामगार नवरा-बायको आणि त्यांचे चार वर्षांचे पोर त्याच उसावर बसून आले होते. चहाच्या टपरीवर दहा मिनिटे आधी उतरले, एवढेच नशीब. मी पोचलो तेव्हा ती बाई पोराला छातीशी धरून नुसती उभी होती, एक शब्द बोलत नव्हती. टायर पाहिला. ट्रकवरून उतरलेला, गुळगुळीत झालेला, वरून नव्या खाचा कोरून नवा भासवलेला. मालक आपलाच सभासद. तो म्हणाला, "सायेब, दोन नव्याच्या पैशात चार जुनं येत्यात. मी काय करू?" त्याला मी रागावलो. पण खरे सांगायचे तर त्याच दुपारी मीच त्याच्या ड्रायव्हरला फोन करून सांगितले होते, की राहिलेला फड याच खेपेत उरकून टाक. तेव्हा दोष एकट्या टायरचा नव्हता.

ट्रॉलीच्या टायरला ओढायचे काम नसते, नुसते वाहायचे असते. म्हणून त्याची नक्षी किती खोल आहे यापेक्षा त्याचे अंग किती मजबूत आहे ते बघायला हवे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरसारखे मोठे दात इथे कामाचे नाहीत, सरळ पट्ट्यांची नक्षी बरी. टायरच्या कडेला माप लिहिलेले असते, त्याच्याशेजारी 'पी. आर.' आणि आकडा. पी. आर. १६ म्हणजे आत सोळा थर आहेत असे नव्हे. पूर्वीच्या सुती दोऱ्याच्या सोळा थरांइतकी ताकद, असा त्याचा अर्थ. तिथेच एका टायरने किती किलो वजन, किती हवेवर पेलायचे तेही कोरलेले असते. दुकानात ते वाचा, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. हिशेब सोपा आहे. समजा ट्रॉलीचे स्वतःचे वजन दोन टन आणि ऊस दहा टन. बारा टनाला चार टायर, म्हणजे एकाला तीन टन. पण हा हिशेब सपाट रस्त्यावरचा. रस्ता एका बाजूला उतरता असला की उंच रचलेला ऊस त्या अंगाला झुकतो आणि त्या बाजूच्या दोन टायरांवर तीनाचे चार टन व्हायला वेळ लागत नाही. म्हणून बेताबेताचा टायर घेऊ नये.

टायरच्या कडेवर चार आकडी शिक्काही असतो. ३४२३ असेल तर तो २०२३ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झाला. जुना टायर विकणारा हा शिक्का कधी दाखवत नाही. घासून काढलेला असेल तर तो टायर घेऊच नका. एका एक्सलवर रेडियल आणि नायलॉन अशी जोडी लावू नये, आणि नव्या टायरात जुनी ट्यूब घालण्याची काटकसर तर अजिबात नको.

हवेबद्दल लिहावे तेवढे थोडे. पान्याने ठोकून आवाजावर हवा ओळखणारे उस्ताद आपल्याकडे गावोगाव आहेत. मी त्यांना मानतो, पण या बाबतीत नाही. हवा कमी असली की टायरची कड सतत दुमडते, आतून तापते, दोरे आतल्या आत तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. हवा सकाळी टायर थंड असताना गेजने मोजावी. दुपारी तापलेल्या टायरातून 'जास्त झाली' म्हणून सोडू नये.

आणि हंगाम संपल्यावर? ट्रॉली चिंचेखाली उभी राहते ती दसऱ्यापर्यंत, टायर जमिनीत रुतलेले, वरून ऊन-पाऊस, कुणीतरी सांगितले म्हणून वर जळके ऑइल फासलेले. ऑइल रबराला खाते. एक्सलखाली दगड लावून चाके उचलून ठेवा, टायर पोत्याने झाका. याला खर्च नाही.

टायर बैलगाड्यांची तऱ्हा निराळी. लाकडी चाक आणि लोखंडी धाव गेली, रबरी चाके आली, कंपनीच्या नावावरून लोक त्याला डनलॉप गाडीच म्हणू लागले. ओढ हलकी झाली. पण हवा गेलेल्या टायरची ओढ बैलाच्या खांद्यावर जाते आणि बैल काही मिटिंगमध्ये उठून बोलत नाही. टायर सेंटरच्या गाड्या कारखान्याच्या आहेत, बैल तेवढे कामगारांचे. तेव्हा तिथले टायर ही आपली जबाबदारी आहे, मुकादमाची नव्हे.

आता थोडे कडू बोलतो. वाहतुकीचे भाडे टनावर आणि अंतरावर मिळते. मग जो जास्त भरतो तोच शहाणा ठरतो आणि नवा टायर घेणारा वेडा. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या ऊसदरातून वजा होतो, म्हणजे हे भाडे आपणच देतो. माझे मत असे, की उचल रोखीने देताना तिचा काही भाग नव्या टायरांच्या रूपाने द्यावा, हप्ते हंगामभर बिलातून कापावेत. करारात प्रत्येक टायरचे माप, पी. आर. आणि तो चार आकडी शिक्का लिहावा. आणि काट्यावर ठरल्यापेक्षा जास्त भरलेल्या वजनाचे भाडे देऊ नये. ऊस मोजून घ्यावा, भाडे नको. यावर वाहतूकदार मंडळी चिडतील हे मला ठाऊक आहे. त्यांच्याशी बसून बोलायची माझी तयारी आहे.

माझ्या गटात यंदा सुरुवात करतो आहे. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आदल्या आठवड्यात रोज सकाळी सात ते नऊ मी गट ऑफिससमोर असेन. ट्रॉली रिकामी आणि टायर थंड असताना आणा. गेज माझ्याजवळ आहे.