टपालाने धाडलेली रॅकेट

कारागीर व गृहस्थ यांच्यामध्ये पूर्वी फार तर अंगणाएवढे अंतर असे. कल्हईवाला आपला भाता घेऊन दाराशी बसे. पिंजारी दिवाळीच्या सुमारास येऊन गाद्या उसवी व धनुकलीची तात छेडू लागे, तेव्हा घरातील कोणी वडील माणूस ओसरीवर बसून कापूस किती निघाला व किती परत भरला गेला इकडे लक्ष ठेवी. पिंजारी लबाड असे म्हणून नव्हे. ती नजर हीच उभयतांमधली पावती असे, आणि तिच्यायोगे मालकाइतकेच कारागिराचेही रक्षण होई. आता हे अंतर शेकडो मैलांचे झाले आहे. घड्याळे, चष्मे, मोबाइल, इतकेच काय पण मुलांच्या खेळाच्या रॅकेटीसुद्धा पुडक्यात बांधून परगावी दुरुस्तीस जातात. या शेवटच्या वस्तूविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. विषय वरवर किरकोळ वाटेल. परंतु जी वस्तू आपण दृष्टीआड करितो तिच्याविषयी विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा, हा प्रश्न किरकोळ खचित नव्हे.

ज्यांच्या घरी हा खेळ नाही त्यांच्याकरिता थोडा खुलासा करितो. टेनिसच्या रॅकेटीत बहुधा १६ उभ्या व १८ ते २० आडव्या तारा असतात आणि त्यांस सुमारे १२ मीटर तार लागते. ही तार ५० ते ६० पौंडांच्या ताणाने यंत्रावर ओढून विणतात. बॅडमिंटनची रॅकेट नाजूक. तिला १० मीटर तार पुरते व ताणही २० ते २८ पौंडांचा असतो. या विणकामास खेळाडू 'गटिंग' म्हणतात. 'गट' म्हणजे आतडे. पिंजाऱ्याच्या तातीप्रमाणे रॅकेटीची तारही मूळची जनावराच्या आतड्याची. फ्रान्सातील ल्यों शहरी पिएर बाबोला याने १८७५ साली अशी तार रॅकेटीकरिता प्रथम केली. आज सर्वसाधारण खेळाडू नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची तार वापरतात. आतड्याची तार अद्यापि मिळते, परंतु ती इतकी महाग असते की आमच्यासारख्या शाकाहारी घरातील रॅकेटीत ती कोणी चुकून घालील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. धास्ती उलट दिशेची आहे, म्हणजे चांगल्या तारेच्या जागी हलकी तार येण्याची.

टेनिस हा साहेबांच्या क्लबातला खेळ, त्याचे आपल्या घरांत काय काम, अशी शंका कोणी घेईल. त्यांस पंडिता क्षमा राव यांचे नाव सांगावेसे वाटते. संस्कृत विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांची ही कन्या १८९० साली पुण्यास जन्मली. 'सत्याग्रहगीता' हे तिचे संस्कृत काव्य १९३२ साली पॅरिस येथे छापले गेले. हीच विदुषी टेनिसपटू होती व तिने त्या खेळात बक्षिसेही मिळविली होती. तिची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनच्या मैदानावर सामना जिंकला. असा विजय मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. अनुष्टुभ छंद व टेनिस ही एकाच घरात सुखाने नांदली, तेव्हा आमच्या नातींनी रॅकेट धरली तर त्यात वावगे काय?

अडचण खेळाची नाही, गावाची आहे. मुंबई शेगावहून रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे व नागपूर सुमारे तीनशे. शेगावास येणारा यात्रेकरू कचोरी कढईतून निघताना डोळ्यांनी पाहतो व मगच खातो; परंतु टेनिसच्या तारा विणणारा जाणता कारागीर लहान गावी हाताशी असेलच असे नाही. म्हणोन रॅकेट कुरियरने जाते.

आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीचा अनुभव सांगतो. विभागीय शालेय स्पर्धेस तीन आठवडे असताना तिच्या रॅकेटीची तार तुटली. तिच्या चुलत भावाने एका मोठ्या शहरातील दुकानाशी फोनवर बोलून, पैसे आगाऊ भरून, रॅकेट धाडिली. ताण ५२ पौंड व तार १.२५ मिलीमीटर जाडीची, असे स्पष्ट लिहून कळविले होते. सहा दिवसांत परत देण्याचे वचन मिळाले. पुडके आले सतराव्या दिवशी. तार सांगितलेली नव्हतीच. बोटाला जाड लागत होती, तिच्यावर कसलीही छापील खूण नव्हती, आणि चेंडू मारला की मैदानाबाहेर जाई, इतकी ती सैल होती. दुकानदारास फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काका, आम्ही बावन्नच लावले होते, वाटेत उतरले असेल." कुरियरवाल्याने पुडके शाबूत पोचल्याचे दाखवून हात झटकले. मुलगी मैत्रिणीची रॅकेट घेऊन खेळली व पहिल्याच फेरीत हरली.

हरण्याचे सारे खापर आम्ही रॅकेटीवर फोडीत नाही; समोरची मुलगी सरस खेळली, असे नातीनेच सांगितले. परंतु त्या रात्री ती आणखीही काही बोलली. "आजोबा, मोठ्या शहरातल्या मुली संध्याकाळी रॅकेट देतात नि सकाळी घेऊन येतात. मग आम्ही लहान गावातल्यांनी हा खेळ खेळूच नये का?" या प्रश्नास 'अभ्यास कर, यश येईल' हे नेहमीचे उत्तर देणे आमच्याने झाले नाही. चूक तिची नव्हती आणि अभ्यासाने ती सुटणारीही नव्हती.

आता दोष कोणाचा, हे निःपक्षपातीपणे पाहू. दुकानदाराचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. ताणलेली तार स्वभावतःच ढिली पडते. नायलॉनची तार पहिल्या दिवसातच सुमारे दशांश ताण गमावते, पॉलिएस्टरची त्याहून अधिक. मग उतार मंदावतो, पण थांबत नाही. उष्णतेने ही क्रिया वाढते, आणि वऱ्हाडात वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात गेलेला असता बंद मोटारीत पडलेल्या पुडक्याचे काय होत असेल, ते सांगावयास नको. आणखी असे की, यंत्रे दोन जातींची असतात. एक यंत्र ठरल्या ताणास पोचताच तार तेथेच अडकविते. दुसरे, वजनाचे किंवा विजेचे, तार चिमट्यात धरीपर्यंत ताण कायम राखते. पहिल्या यंत्रावरचे ५२ पौंड दुसऱ्यापेक्षा कमीच भरतात. एतावता, केवळ आकडा सांगितल्याने काम सांगून झाले असे होत नाही.

परंतु दुसरी तार घालणे हा तारेचा स्वभाव नव्हे, आणि सहा दिवसांचे सतरा दिवस हा ऋतूचा दोष नव्हे. संस्कृतात सूचीकटाहन्याय म्हणून आहे. लोहाराकडे सुई व कढई ही दोन्ही कामे एकदम आली, तर त्याने सुईचे अल्प काम आधी उरकावे. टपालाच्या दुकानी हा न्याय उलटा चालतो. समोर उभे राहून तगादा करणाऱ्याचे काम आधी होते, आणि दूरची एकटी रॅकेट खुंटीस लटकत राहते. कारण तिच्या मालकाचे तोंड कोणास दिसत नाही.

आमच्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक होती. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'कंटकशोधन' या अधिकरणाचा पहिलाच अध्याय 'कारुकरक्षण', म्हणजे कारागिरांपासून रक्षण, हा आहे. तेथील नियम थोडक्यात असे. काम कोठे, किती काळात व कोणते करावयाचे हे आधी ठरलेले असावे. काळ टळला तर वेतनाचा चौथा भाग कापावा व त्याच्या दुप्पट दंड घ्यावा. सांगितल्याहून वेगळे काम केले तर वेतनच बुडावे, शिवाय दुप्पट दंड. वस्तू हरवली वा नासली तर, दैवी आपत्ती सोडून, कारागिराने भरून द्यावी. देश, काल व कार्य या तीन शब्दांत सारा व्यवहार आला. नजर जेथे पोचत नाही तेथे हे तीन शब्द पोचतात. मात्र ते शाईने लिहिलेले पाहिजेत.

आजचा कायदाही फारसा निराळा नाही. १८७२ चा करार कायदा सांगतो की, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. दुकान कोठेही असो, तक्रार ग्राहकास स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे, म्हणजे शेगावकरांस बुलढाण्यास, दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची असून मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. टपालखात्याचे मात्र तसे नाही. १८९८ च्या कायद्याने ते नुकसानीच्या जबाबदारीतून बहुतांशी मुक्त होते, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही नियमांत सांगितली असेल तेवढीच जबाबदारी त्याजवर आहे. कुरियरच्या पावतीमागील बारीक अक्षरेही वाचावीत. भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, सही केलेल्या अशा पावतीवरील भरपाईची मर्यादा बंधनकारक ठरविली आहे. मौल्यवान रॅकेटीचा विमा उतरविणे हेच बरे.

तथापि एका रॅकेटीपायी आयोगाची पायरी चढण्याचा प्रसंग येऊ नये, हेच उत्तम. त्याकरिता आमच्या घरी आता पुढील नियम केले आहेत.

१. एक तार तुटताच उरलेल्या ताराही कापून टाकाव्यात. मधून आरंभ करून कडेकडे, उभ्या-आडव्या आलटून पालटून. अर्धवट ताणाने फ्रेम वाकते, आणि मग दोष वाहतुकीचा की दुकानाचा हे कळत नाही.

२. तारेचे बंद पाकीट आपणच विकत घेऊन रॅकेटीबरोबर धाडावे. मग तार बदलण्याचा मोहच उरत नाही.

३. पुडक्यात चिठ्ठी घालावी आणि तोच मजकूर मोबाइलवरही पाठवावा. तारेचे नाव, जाडी व रंग, उभ्या व आडव्या तारांचा ताण, यंत्राची जात, परतीची तारीख, हे सारे लिहून दुकानदाराचा होकार घ्यावा. बांधण्यापूर्वी फ्रेमची छायाचित्रे काढावीत.

४. उन्हाळ्यात शक्य तो धाडू नये. स्पर्धेच्या आधी निदान एक महिना हाताशी ठेवावा.

५. परत आलेले पुडके छायाचित्रण करीत उघडावे. भोकांतील प्लास्टिकच्या नळ्या शाबूत आहेत काय, फ्रेमला केसाएवढी चीर आहे काय, हे पाहून काही उणे असल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे.

ताण मोजण्याची एक युक्ती आमच्या घरातील पेटी वाजविणाऱ्या सुनेने काढिली. तिच्यामुळे वादाचे बरेच मूळ नाहीसे होते. नवीन विणलेल्या जाळीवर टिचकी मारावी आणि तो नाद पेटीच्या कोणत्या पट्टीशी जुळतो ते टिपून ठेवावे. ताण दशांशाने उतरला की नाद जवळजवळ एका अर्धस्वराने खाली येतो. मात्र ही तुलना त्याच रॅकेटीची, त्याच तारेशी करावी. रॅकेट किंवा तार बदलली की स्वरही बदलतो. "वाटेत उतरले असेल" असे कोणी म्हणाल्यास, किती उतरले ते निदान सांगता येते.

हे सर्व करूनही नातीचा प्रश्न अर्धाच सुटतो, कारण अंतर राहतेच. खरा उपाय निराळा आहे. वजनाच्या दांडीने ताण देणारे हातयंत्र मेजावर मावते, त्यास वीज लागत नाही, आणि धीराने शिकणाऱ्या मुलास ते काम येते. आरंभी एका रॅकेटीस दोन-दोन तास लागतील, एवढेच. चार घरांनी किंवा एखाद्या शाळेने वर्गणी करून असे एक यंत्र घेतले, आणि बारावी झालेल्या एखाद्या होतकरू मुलास शिकविले, तर पंचक्रोशीतील रॅकेटी त्याच्या हाती येतील व त्यास चार पैसेही मिळतील. २०० मीटरचे रीळ एकदम घेतले तर तारही स्वस्त पडते. टेनिसच्या १६ रॅकेटी त्यात होतात. आमच्या आळीत दोन बिऱ्हाडांनी वर्गणीस होकार दिला आहे. तिसऱ्या घरचे गृहस्थ 'पाहू' म्हणाले आहेत, आणि 'पाहू' या शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. नातीने मात्र त्यांच्या घरी रोज जाऊन आठवण देण्याचे काम आपल्याकडे घेतले आहे.

आपल्या गावी कोणी असा उद्योग आरंभिला असल्यास यंत्र कोणते घेतले, खर्च किती आला व शिकावयास किती काळ लागला, हे वाचकांनी अवश्य कळवावे. उपयुक्त पत्रे पुढील अंकी याच सदरात देऊ.