इशारा कळेल अशा भाषेत हवा

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री 'आयडा' वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी न्यूयॉर्कला झोडपून काढले. सेंट्रल पार्कमध्ये तासाभरात तीन इंचांहून जास्त पाऊस पडला. शहरात १३ जण दगावले, त्यांपैकी ११ जण तळघरांतल्या घरांमध्ये. ही घरे बहुतेक क्वीन्स भागातली. भाडे कमी म्हणून स्थलांतरित तिथे राहतात. मृतांमध्ये नेपाळी आणि चिनी कुटुंबेही होती. राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा मोबाइलवर आला, पण इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये.

तो इशारा समजला असता तर सगळे वाचले असते, असा दावा कुणी करू नये; पाणी फार वेगाने चढले. पण ज्या शहरात जवळपास चौथा हिस्सा रहिवाशांना इंग्रजी नीट येत नाही, तिथे जीव वाचवणारा निरोप दोनच भाषांत जाणे हा कारभाराचा दोष आहे.

न्यूयॉर्क महापालिकेला याची जाण आधीपासून होती. २००८ मध्ये महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी सहा भाषांत सेवा देण्याचा आदेश काढला. २०१७ च्या स्थानिक कायदा क्रमांक ३० ने भाषा दहा केल्या; त्यांत बंगाली आणि उर्दूही आहेत. शिवाय किमान शंभर भाषांत फोनवरून दुभाषा देणे बंधनकारक झाले. मराठी त्या दहांत नाही. मुलाकडे राहायला गेलेल्या मराठी आजी-आजोबांची भिस्त या फोनवरच.

ही सोय नसते तिथे घरातले शाळकरी पोर दुभाषा होते. आईचे दुखणे, घरमालकाची नोटीस, पोलिसांतली तक्रार, सगळे त्याच्या तोंडून जाते. आई मुलासमोर सगळे सांगत नाही आणि मुलाला कायद्याचे शब्द ठाऊक नसतात. दुभाष्यावरचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्या कार्यालयांनी चुकलेला अर्ज, हुकलेली तारीख आणि उशिरा झालेला उपचार यांचाही हिशेब मांडावा.

केंद्रात मात्र वारे उलटे आहे. भाषासाहाय्याविषयीचा २००० सालचा बिल क्लिंटन यांचा आदेश डोनाल्ड ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये रद्द केला आणि इंग्रजीला राजभाषा जाहीर केले. त्यामुळे शहरांच्या स्वतःच्या कायद्यांवरचा भार वाढला आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. बेळगावात पालिकेची कागदपत्रे मराठीतून मिळावीत म्हणून तो वर्षानुवर्षे झगडतो आहे, आणि ती मागणी रास्त आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांचा कारभार मराठीत आणला, हेही योग्यच. पण मग मेळघाटातल्या कोरकू बाईला धारणी-चिखलदऱ्याच्या दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत तिच्या भाषेत कुणी का बोलू नये? बेळगावात मागितलेला हक्क इथे नाकारता येणार नाही.

त्यासाठी आधी मोजणी हवी: कोणत्या कार्यालयात कोणत्या भाषेचे लोक येतात याची. मग तिथे ती भाषा बोलणारा, रीतसर पगार घेणारा माणूस नेमावा. छापील पत्रकावर थांबू नये, कारण अनेकांना आपली भाषा बोलता येते, वाचता येत नाही. पुराचा, साथीचा इशारा तर आवाजातूनच जायला हवा, पुढच्या पावसाळ्याआधी.