उत्तर वेगळे, अडचण वेगळी

पनवेल हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. मुंबईची हार्बर लाइन येथे येऊन संपते. दिवा, कर्जत आणि रोहे या दिशांचे मार्ग येथे एकत्र मिळतात. सिग्नल हिरवा असला की गाडीने जावे, लाल असला की थांबावे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण समजा, सिग्नलचा दिवाच बंद पडला. लालही नाही आणि हिरवाही नाही. मग गाडीच्या चालकाने काय समजावे? 'लाल दिसत नाही, अर्थात वाट मोकळी आहे' असे? मुळीच नाही. जेथे दिवा दिसावयास हवा तेथे तो दिसत नसेल, तर तो सिग्नल आपला सर्वांत कडक इशारा देत आहे असेच धरावयाचे, असा रेल्वेचा नियम आहे. आणि हा नियम पनवेलला एक व कर्जतला दुसरा असा नाही. तो सगळीकडे सारखाच आहे.

या साध्या नियमात दोन मोठी तत्त्वे आहेत. पहिले, बिघाड झाला तर तो 'उत्तर' म्हणून खपता कामा नये. दुसरे, बिघाड कळवण्याची रीत सर्वत्र एकच असावी. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही दोन्ही तत्त्वे पहिल्या दिवसापासून पाळली पाहिजेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आज्ञावली म्हणजे प्रोग्रॅम. तो अनेक लहान लहान तुकड्यांचा बनलेला असतो. या तुकड्यांना फंक्शन म्हणतात. फंक्शनला एखादे काम सांगावे, त्याने ते करावे आणि उत्तर आणून द्यावे. या उत्तराला आपण परतमूल्य म्हणू. पण काम दर वेळी होतेच असे नाही. पोस्टात टाकलेले पत्र कधी कधी परत येते. त्यावर कारण लिहिलेले असते : पत्ता अपुरा, घर बंद, घेण्यास नकार. पत्ता अपुरा असेल तर तो पूर्ण लिहून पुन्हा पाठवावे. नकार असेल तर पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. म्हणजेच, नुसते 'काम झाले नाही' एवढे कळून भागत नाही, का झाले नाही तेही कळावे लागते. फंक्शनने असे कारण अंकाने सांगितले, तर त्या अंकाला त्रुटिसंकेत म्हणता येईल.

आता एक गंमत करून पाहा. पायथन या भाषेत एखाद्या शब्दात अक्षर कोठे आहे हे शोधणारे 'फाइंड' नावाचे फंक्शन आहे. 'पनवेल' या शब्दात 'न' शोधावयास सांगा. उत्तर १ येईल. 'प' शोधावयास सांगा. उत्तर ० येईल, कारण पायथनमध्ये मोजणी शून्यापासून होते. आता 'क' शोधा. तो या शब्दात नाहीच, म्हणून फंक्शन −१ परत देते. येथवर ठीक आहे. पण हा −१ न तपासता 'या जागेवरचे अक्षर दाखव' असे सांगितले, तर? पायथनमध्ये −१ म्हणजे शेवटची जागा. त्यामुळे संगणक बिनदिक्कत 'ल' दाखवतो! मागितला 'क', हाती आला 'ल', आणि तक्रार कोणाचीच नाही.

याहून मोठी फसगत पुढे आहे. काही जण 'जर फाइंडचे उत्तर खरे असेल, तर' अशी अट घालतात. पायथन ० हा अंक 'खोटे' मानतो आणि इतर सर्व अंक 'खरे' मानतो. त्यामुळे पहिलेच अक्षर असलेला 'प' सापडूनही 'नाही' ठरतो, आणि मुळात नसलेला 'क' मात्र 'आहे' ठरतो. संगणक चुकला का? नाही. अडचण सांगणारा अंक उत्तरांच्याच रांगेत बसवला, तेथे घोटाळा झाला.

असल्या घोटाळ्याची किंमत किती असू शकते? ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपचे एरियान-५ हे नवे अग्निबाण पहिल्यांदाच उडाले. त्याचा वेग व दिशा मोजणाऱ्या संगणकात एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत भरण्याचा प्रयत्न झाला. त्या जागेत ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावते. जोडीला राखीव संगणक होता, पण त्यातही तीच आज्ञावली होती. तो क्षणभर आधीच बंद पडला होता. मग मुख्य मापन-संगणकाने आपल्या बिघाडाची माहिती सांकेतिक अंकांत पुढे पाठवली. दुर्दैव असे की, अग्निबाण चालवणाऱ्या संगणकाने ते अंक उड्डाणाची खरी मापे म्हणूनच वाचले! झोत फिरवणारी तोंडे एकदम पूर्ण वळली, अग्निबाण वाकडे झाले, मोडू लागले आणि उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यातील चार उपग्रहही गेले. 'मी बिघडलो आहे' हा निरोप वाटेत 'मी असे मोजले आहे' असा झाला होता.

मग यावर रीत कोणती? १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही कार्यप्रणाली सुरू झाली, आणि पुढे डेनिस रिची यांनी तिच्यासाठी सी भाषा घडवली. सी भाषेतील फंक्शन एका वेळी एकच मूल्य परत देते. म्हणून तेथे अशी पद्धत पडली की, काम फसले तर −१ द्यावा आणि कारणाचा अंक 'एरनो' नावाच्या वेगळ्या जागी ठेवावा. लिनक्समध्ये २ म्हणजे फाइल सापडली नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे साठवण्यास जागा उरली नाही. संपूर्ण प्रोग्रॅम यशस्वी झाला तर तो ० देतो, कारण यश एकाच प्रकारचे असते. अपयशाची कारणे मात्र अनेक, म्हणून त्यांना बाकीचे अंक.

पण याच घराण्यात पुढे आलेल्या 'थ्रेड'च्या फंक्शनांनी दुसरी रीत धरली. ती −१ देत नाहीत; कारणाचा धन अंकच परत देतात. ज्याला 'उत्तर ऋण आहे का?' एवढेच तपासण्याची सवय, त्याला येथे एकही बिघाड कधी दिसणार नाही. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्यच आहेत. धोका आहे तो सरमिसळीत.

काही जण म्हणतील, 'एवढे तपासत बसलो तर दहा ओळींचा प्रोग्रॅम तीस ओळींचा होईल.' होईल खरा. पण वाचवलेल्या त्या वीस ओळी पुढे चूक शोधताना कित्येक दिवस खातात. नव्या भाषांनी ही गोष्ट ओळखली आहे. 'गो' भाषेत फंक्शन उत्तर आणि अडचण अशी दोन मूल्ये वेगवेगळी देऊ शकते. 'रस्ट' भाषेत दोन्ही एका बंद पाकिटात येतात. ते उघडून आत काय आहे हे पाहिल्यावाचून उत्तर हाती लागत नाही. यांपैकी कोणतीही रीत घ्या, पण एका प्रोग्रॅममध्ये एकच घ्या, आणि ती पहिल्या पानावर लिहून ठेवा.

शिक्षकांना एक विनंती. वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम मुलांकडून लिहून घ्यावा. एकाला ६०, दुसऱ्याला ७० आणि तिसरा गैरहजर, असे गुण द्यावेत. गैरहजेरीसाठी −१ लिहून तो तसाच बेरजेत घेतला, तर सरासरी ४३ येते. परीक्षेस बसलेल्यांची खरी सरासरी ६५ आहे. असे का झाले, याची चर्चा वर्गात होऊ द्यावी. आणि मित्रांनो, तुमचा प्रोग्रॅम बरोबर उत्तर देतो की नाही हे तुम्ही पाहताच. उत्तर देता येत नसेल तेव्हा तो काय म्हणतो, हेही पाहत चला.