पहिलं नाणं तीन तोळ्यांचं नको

सोनं घ्यायचं म्हटलं की आपण बायका भाव विचारतो, घडणावळ विचारतो, मोडताना घट किती धरणार तेही आधीच विचारून ठेवतो. नाणं घ्यायचं असेल तर मात्र फार विचार करत नाही. लक्ष्मी असली काय नि गणपती असला काय, पाच ग्रॅम म्हणजे पाच ग्रॅम! नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांच्या जगात हा हिशेब उलटा चालतो. तिथे आधी बघतात चित्र, मग साल, मग ते कोणत्या टांकसाळीत पाडलं त्याचं बारीकसं अक्षर. सोन्याचं वजन त्याच्या मागून येतं.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीला पहिला बोनस मिळाला आणि तिने त्यातून एक जुनं अमेरिकन सोन्याचं नाणं घ्यायचं ठरवलं. मला जुन्या नाण्यांची खोड आहे हे तिला ठाऊक. फोनवर म्हणाली, "आत्या, इथे सगळे म्हणतात सेंट-गॉडन्स घे. दुसरं काही बघूच नको." सगळे म्हणतात त्यात खोटं काही नाही. ते नाणं देखणंच आहे. तरीसुद्धा मी तिला नको म्हटलं. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या मुली-सुना-भाच्या तिकडे आहेत, त्यांच्याही मनात कधी असा विचार येईल, म्हणून कारण जरा सविस्तर सांगते.

जुन्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांत नवख्या माणसासमोर मुख्यतः तीन चित्रं येतात. पहिली मुकुटवाली लिबर्टी. स्वातंत्र्यदेवता म्हणा हवं तर. ख्रिश्चन गोब्रेक्ट या कोरक्याने १८३८ साली ती दहा डॉलरच्या नाण्यावर आणली, पुढे पाच आणि अडीच डॉलरवरही आली. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर वीस डॉलरचं मोठं नाणं निघालं, त्यावरची लिबर्टी जेम्स लाँगेकरची. डाव्या बाजूला वळलेला चेहरा, कपाळावर मुकुट, मागे अंबाडा आणि त्याला मण्यांची माळ गुंडाळलेली. भोवती तेरा तारे. नीटनेटकी, पण जरा मख्ख बाई आहे. जवळजवळ सत्तर वर्षं तीच ती!

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तिला कंटाळले. प्राचीन ग्रीक नाणी त्यांना फार आवडत. त्यांच्या मानाने आपली नाणी भिकार आहेत असं त्यांचं मत होतं, आणि त्यांनी ऑगस्टस सेंट-गॉडन्स या नामांकित शिल्पकाराला गळ घातली. त्यातून १९०७ साली वीस डॉलरचं नवं नाणं निघालं. इथे लिबर्टी नुसता चेहरा राहिली नाही. ती उभी आहे, चालत पुढे येतेय, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी, केस आणि वस्त्र वाऱ्यावर, मागे सूर्याचे किरण. पायाशी वॉशिंग्टनची कॅपिटॉलची इमारत इवलीशी दिसते. दुसऱ्या बाजूला उगवत्या सूर्यावरून झेपावणारा गरुड. शिल्पकार मात्र आजारी होता. नाणं लोकांच्या हातात पडायच्या आधीच, ऑगस्ट १९०७ मध्ये, तो गेला. चित्राला उठाव इतका की एका नाण्याला दाबयंत्राचे अनेक ठोके द्यावे लागत, आणि एकावर एक रचली तर नीट बसत नसत. असली सुमारे बारा हजारच पाडली आणि मग टांकसाळीने उठाव कमी केला.

या चित्रासाठी उभी राहिलेली बाई कोण, हे मला सोन्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. हेटी अँडरसन हे तिचं नाव, असं अभ्यासक मानतात. दक्षिण कॅरोलायनातून न्यूयॉर्कला आलेली कृष्णवर्णीय स्त्री. सेंट-गॉडन्सच्या इतरही कामांसाठी ती मॉडेल होती. तिचं नाव पुढे कित्येक वर्षं कुणी घेतलं नाही. लाखो लोकांच्या खिशात, तिजोरीत तिची आकृती होती आणि बाई अंधारात! आणखी एक गंमत पाहा. स्वातंत्र्य म्हणून नाण्यावर बाई बसवायची पद्धत अमेरिकेत अठराव्या शतकापासूनची, पण तिथल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क घटनेने मिळाला तो १९२० मध्ये. आपल्याकडे नवरात्रात देवीची आरती करून घरातल्या सुनेला काही विचारायचं नाही, त्यातलाच प्रकार.

एवढं सगळं असून भाचीला हे नाणं नको का म्हटलं? कारण त्यात तीस ग्रॅमहून किंचित जास्त शुद्ध सोनं आहे. आपल्या भाषेत तीन तोळे. तीन तोळे घरात आले की ते नाणं राहत नाही. ती ठेव होते. नवरा भाव बघतो, सासरे भाव बघतात, आपण स्वतःही रोज सकाळी भाव बघायला लागतो. वाढला की विकायचं का, घराचा हप्ता भारी झाला की मोडायचं का, अशी चर्चा सुरू होते. चित्राकडे कुणाचं लक्ष नसतं. बायकांचं सोनं घरच्या अडचणीला कसं आधी आठवतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. सोनं त्यासाठी ठेवायचं तर जरूर ठेवा. मात्र हौसेसाठी घेतलेली पहिली वस्तू त्या हिशेबात ओढली गेली की हौस मरते.

आणि ते दुर्मीळही नाही, बरं का. १९२४ या एकाच सालची त्रेचाळीस लाखांवर नाणी पाडली होती. १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट सरकारने लोकांना सोन्याची नाणी सरकारजमा करायचा हुकूम काढला. माणशी शंभर डॉलरपर्यंतची नाणी आणि दुर्मीळ नाणी तेवढी वगळली होती. आपल्याकडे १९६३ साली चौदा कॅरेटचा नियम आला तेव्हा घरोघरी जी कुजबुज झाली, तशीच तिकडेही झाली असणार. पुष्कळ नाणी वितळली, पण युरोपातल्या बँकांच्या तिजोऱ्यांत पडलेली वाचली आणि पुढे परत आली. म्हणून साध्या सालाच्या सेंट-गॉडन्सची किंमत बरीचशी सोन्याच्या भावावरच हलते. (१९३३ चं एक नाणं २०२१ मध्ये जवळजवळ एकोणीस लाख नव्हे, एक कोटी एकोणनव्वद लाख डॉलरला गेलं. ती वेगळी कहाणी, ती आपल्या यादीत धरू नका.)

चित्रावरच जीव जडला असेल तर सोपा उपाय आहे. अमेरिकन सरकार १९८६ पासून जी ईगल नावाची सोन्याची नाणी काढतं, त्यांवर हीच मशालवाली लिबर्टी आहे. त्यातलं सगळ्यात लहान घ्या, तीन ग्रॅमच्या आसपास शुद्ध सोनं असतं. जुनं नाही, संग्राहक त्याला नाक मुरडतील. मुरडू देत.

माझी पसंती तिसऱ्या चित्राला. सेंट-गॉडन्सचाच शिष्य बेला लायन प्रॅट याने १९०८ साली अडीच आणि पाच डॉलरची नाणी केली. एका बाजूला पिसांचा टोप घातलेला अमेरिकेचा मूळ रहिवासी, दुसऱ्या बाजूला उभा गरुड. सेंट-गॉडन्सच्या दहा डॉलरच्या नाण्यावर हाच पिसांचा टोप लिबर्टीच्या डोक्यावर चढवला होता, जो त्या समाजात पुरुष योद्ध्यांचा मान! प्रॅटने निदान खराखुरा माणूस दाखवला. आणि चित्र वर उठवलं नाही, आत खोदलं. नाण्याची सपाटी वर, चेहरा खाली. त्या काळी एका नाणेविक्रेत्याने तक्रार केली की या खळग्यांत मळ साचेल, रोगजंतू बसतील. आज ते बोट फिरवून बघितलं की वेगळंच वाटतं, आणि प्रकाशात तिरकं धरल्याशिवाय चित्र पुरतं दिसतच नाही. म्हणजे बघावं लागतं. नवख्या डोळ्याला हीच सवय हवी.

अडीच डॉलरच्या नाण्यात पावणेचार ग्रॅम शुद्ध सोनं. १९०८ ते १९२९ या काळात, साल आणि टांकसाळ धरून, याची एकूण पंधराच नाणी निघाली. मुकुटवाल्या लिबर्टीचं पाच डॉलरचं नाणं सात टांकसाळींत पडलं. ती रांग जन्मभर संपत नाही. (पण केवळ एकच नाणं ठेवायचं असेल तर ती वाईट नाही, पाऊण तोळा सोनं आणि सव्वाशे वर्षांचं वय.) पंधरांची रांग डोळ्यांना दिसते. दर वाढदिवसाला एक घेतलं तरी कधीतरी संपेल अशी आशा असते. सुरुवात १९२५ ते १९२९ मधल्या एखाद्याने करावी, ती चांगल्या अवस्थेत सहज मिळतात.

खोट्या नाण्यांचा धोका मात्र याच लहान नाण्यांत जास्त. खऱ्या सोन्याची खोटी नाणीसुद्धा आहेत, तेव्हा सोनाराकडे कस लावून काही कळायचं नाही. म्हणून पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्थांनी तपासून प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेलंच घ्यावं. डबीवर सत्तरपैकी दर्जाचा आकडा असतो, आणि क्रमांक त्या संस्थेकडे पडताळून पाहता येतो. डबीतून काढलं तर बोट फिरवता येणार नाही का, असं भाचीने विचारलंच. त्यासाठी दुकानातलं झिजलेलं, स्वस्तातलं हातात घेऊन बघ म्हटलं.

आपल्या दोन सवयी इथे नडतात. रिठ्याच्या पाण्यात घासून चकचकीत करायचं नाही. घासलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी उतरलं. आणि कडी लावून पुतळीसारखं गळ्यात घालायचं नाही. कडी काढली तरी डाग लावल्याची खूण राहते आणि उरते ती फक्त सोन्याची किंमत. इकडे आणायचं असेल तर परदेशातून येणाऱ्या बायकांना दागिन्यांवर जी सवलत असते ती नाण्यांना नसते. विमानतळावर सांगून जकात भरावी लागते.

पंधरांत एकच अवघड आहे, १९११ चं डेन्व्हर टांकसाळीचं. ५५,६८० च पाडली होती. गरुडाच्या बाजूला, बाणाच्या टोकाजवळ डावीकडे बारीक 'डी' असतो, आणि साध्या १९११ च्या नाण्यावर तो मागाहून चिकटवणारे महाभाग आहेत. ते सगळ्यात शेवटी घ्यावं, भिंग घेऊन.