आउटडोअर ठेवायचं कुठे?

मार्च उजाडला की लालबाग-परळमधून फोन सुरू होतात. ‘दादा, एसीतला गॅस संपलाय, भरून जा.’ एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळीत गोल फिरत राहतो, संपत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणारा मेकॅनिक तुमचे पैसे हवेत सोडतो. आमच्याच धंद्यातले लोक हे करतात, म्हणून आधी ते सांगून टाकलं.

हल्ली टॉवरमध्ये जातो तिथे मात्र बऱ्याचदा गॅस पुरेसा असतो. फिल्टर साफ, मशीन धड, तरी वरच्या मजल्यावर कूलिंग नाही. कारण बघायचं तर बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये डोकं घालावं लागतं.

चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींत एसीचं आउटडोअर दर्शनी भिंतीवर लावू देत नाहीत. इमारतीचा लूक बिघडतो ना! मग सगळी आउटडोअर मागच्या अरुंद डक्टमध्ये, एकावर एक. घरातली उष्णता बाहेर फेकणं हे आउटडोअरचं काम. खालच्याने फेकलेली गरम हवा वर चढते, वरचं आउटडोअर तीच ओढतं आणि आणखी तापवून सोडतं. वरच्या मजल्यांवर रात्री जेवणं आटोपल्यावरही त्या डक्टमध्ये हात धरवत नाही. अशा हवेत कॉम्प्रेसरवर दाब वाढतो. एकाच कंपनीचं एकच मॉडेल खाली आणि वर लावलेलं असलं, तर क्लॅम्प मीटर लावून मी मालकाला फरक दाखवतो. वरचं जास्त अँपिअर खेचतं आणि थंड कमी करतं. फारच तापलं की ट्रिप होतं. घरातले वैतागून रिमोटवर १६ लावतात. त्याने खोली लवकर थंड होत नाही, कॉम्प्रेसरला मधेमधे मिळणारी उसंत तेवढी जाते.

दुकानात स्टार बघून एसी घेतला, आता बिल का वाढतं, असं लोक विचारतात. स्टिकरवरची क्षमता बाहेरची हवा ३५ अंश धरून मोजलेली असते. वर्षाचे युनिट काढताना हिशेब २४ ते ४३ अंशांचा आणि १,६०० तासांचा धरतात. तुमच्या डक्टचा हिशेब त्यात कुणी धरलेला नाही. आणि बेस्टच्या बिलात १००, ३००, ५०० युनिटच्या पायऱ्या आहेत. पायरी चढली की वरच्या युनिटांना दरही चढा.

चाळीचे गोडवे मी गाणार नाही. वरच्या मजल्यावर पत्र्याखाली मे महिने काढलेत, घामोळ्यांसकट. पण गॅलरीमुळे खोलीच्या भिंतीवर ऊन थेट येत नसे आणि दार-खिडकी उघडली की वारा आरपार जायचा. नव्या फ्लॅटमधली दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडते. ऊर्जा दक्षता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ २०१८ साली आली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत खिडक्या, झडपा आणि बाहेर उघडणारी दारं मिळून उघडी होणारी जागा चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावी, असं ती सांगते. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. त्याला हा हिशेब लावला तर सुमारे ८३ चौरस फूट होतात. टेप घेऊन मोजा एकदा, आणि स्लायडिंगची अर्धीच धरा.

पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये कॉर्पस किती, पार्किंग किती, यावर मध्यरात्रीपर्यंत आवाज चढतात. एसी कुठे बसणार, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की करारनाम्याला जोडायच्या नकाशात प्रत्येक खोलीच्या आउटडोअरची जागा आखून मागा: मोकळ्या बाजूला, वारा लागेल अशी, आणि माणसाला पाय रोवून उभं राहता येईल असा लेज. शेवटची अट आमच्या जिवासाठी. ग्रिलला दोरी बांधून लोंबकळत नट आवळणारी पोरं मी रोज बघतो.

जे राहायला गेलेत त्यांनी काय करावं? जानेवारी २०२० पासूनच्या स्टारवाल्या एसींचं डिफॉल्ट तापमान २४ असतं. तिथून २६ वर न्या आणि पंखा लावा. ब्युरोच्या हिशेबाने एका अंशाला सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी तिशीच्या घरात. लालबाग-परळमध्ये बांधकामाची धूळ कॉइलवर थापली जाते, गिरगावात खारा वारा तिच्या पात्या खातो. म्हणून नुसता फिल्टर धुऊन भागत नाही, आउटडोअरही धुवायला सांगा.

आणि कमिटीने एकदा गच्चीवर जाऊन डक्टचं तोंड बघावं. पावसासाठी तिथे बऱ्याच ठिकाणी पत्रा ठोकलेला असतो, अगदी कठड्याला टेकवून. कोंडलेली हवा तिथेच अडते. पत्रा दोन-तीन फूट उचलून चारही बाजू मोकळ्या ठेवल्या, कडा थोड्या बाहेर काढल्या, तर पाऊसही फारसा आत येत नाही. फॅब्रिकेटरचं दिवसभराचं काम आहे, पावसाआधी उरकून घ्या.