नातीसाठी एक दाबा!

तुमच्या ऑफिसात रिसेप्शनच्या मागे, झाडू-फडक्यांच्या कपाटाशेजारी भिंतीवर एक मळकट पांढरा डबा लटकलेला असेल. त्यातून पन्नासेक वायरी लोंबत असतात आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तो ईपीएबीएक्स. बाहेरच्या लाइनसाठी तुम्ही शून्य दाबता, रिइम्बर्समेंटसाठी अकाउंट्सच्या माणसाला तीन आकडी नंबरवर छळता, ते सगळं हा डबा जमवतो. तर मंडळी, असाच एक डबा मी माझ्या कोथरूडच्या वन बीएचकेमध्ये बसवलाय. साइज पत्त्यांच्या कॅटएवढी. एक्स्टेन्शन्स फक्त सहा. आणि त्यातलं सगळ्यात व्हीआयपी एक्स्टेन्शन आहे माझ्या आजीचं.

आजी वय वर्षं ८४, मुक्काम गुहागरजवळचं आमचं गाव, घरात एकटी. तिथली लँडलाइन एका पावसाळ्यात गेली ती परत आलीच नाही. मोबाइलला रेंज फक्त खळ्यात, तीही तुळशीपाशी उभं राहिलं तर. स्मार्टफोन देऊन बघितला. पण कोरडी बोटं स्क्रीनला कळतच नाहीत, आणि ते ‘हिरवं वर सरकवायचं’ प्रकरण आजीच्या जाम डोक्यात गेलं. “मला आपला तो उचलायचा फोन दे गो,” ती म्हणाली.

आता गंमत बघा. त्याच घरात चुलतभावाने २०२१ मध्ये वर्क फ्रॉम होमसाठी फायबर घेतलेलं. म्हणजे इंटरनेट आहे, जुना बटणांचा फोन आहे, फक्त मधलं एक्स्चेंज नाही. म्हटलं, चला, एक्स्चेंजच काढू!

हे वाटतं तेवढं वेड्यासारखं नाहीये. १९९९ मध्ये अमेरिकेत अलाबामात मार्क स्पेन्सर नावाच्या पोराने लिनक्स सपोर्टचा धंदा सुरू केला. फोन सिस्टिम हवी होती, पण तिची किंमत ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले. मग पठ्ठ्याने सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचंच एक्स्चेंज लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. त्याचं नाव अ‍ॅस्टरिस्क, म्हणजे तुमच्या फोनवरची ती चांदणी. ते आजही फुकट मिळतं. त्याला मोठा कॉम्प्युटर लागतो हा गैरसमज. हौशी लोकांनी ते फक्त ३२ एमबी रॅमच्या नेटवर्क डिस्कच्या डबीवरसुद्धा चालवून दाखवलंय. मग २९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय बाजारात आला, ३५ डॉलरचा, क्रेडिट कार्डाएवढा, आणि असल्या उद्योगांची चांदीच झाली.

माझ्या ड्रॉवरमध्ये असा एक पाय धूळ खात पडला होता. तीन वॅट वीज धरली तरी महिन्याला दोन युनिटच्या आसपास. हेच काम घरातल्या जुन्या साठ वॅटच्या डेस्कटॉपला दिलं असतं, तर त्रेचाळीस युनिट खाल्ले असते. आणि कामही तसं हलकंच. साध्या फोनवरच्या आवाजाचे सेकंदाला ८००० तुकडे होतात, प्रत्येक तुकडा ८ बिटचा. म्हणजे ६४ केबीपीएस. त्याची २० मिलिसेकंदाची पाकिटं करून प्रत्येकावर पत्ता चिकटवला की झाले ८०. तुमच्या वेब सिरीजच्या मानाने किस झाड की पत्ती! दोन्ही टोकं एकाच भाषेत बोलत असतील तर पायला फक्त पाकिटं इकडून तिकडे द्यायची असतात. भाषांतर करावं लागलं तरच त्याला घाम फुटतो.

गावाकडे आजीच्या फोनला एक छोटा अ‍ॅडाप्टर लावला. एका बाजूला फोनची वायर, दुसऱ्या बाजूला इंटरनेट, आणि कानाला लावला की अस्सल डायल टोन. पुण्यात स्टॅटिक आयपी घेतला. १ दाबलं की मी, २ दाबलं की आत्या, ० दाबलं की सगळ्यांचे फोन एकदम वाजणार, जो उचलेल त्याचा. झक्कास!

मग लोचे सुरू झाले. पहिला लोचा: मी बोललेलं आजीला ऐकू जायचं, आजीचं मला नाही. कारण रिंग वाजवणारा निरोप एका वाटेने जातो आणि आवाज दुसऱ्या. माझा पाय आजीच्या अ‍ॅडाप्टरला आवाजासाठी स्वतःचा घरातला पत्ता सांगत होता. म्हणजे लग्नपत्रिकेवर फक्त ‘स्थळ: वरचा मजला’ छापल्यासारखं. पाहुणे येणार कुठून? अ‍ॅस्टरिस्कला बाहेरचा पत्ता कोणता आणि घरातलं नेटवर्क कोणतं हे दोन ओळींत समजावलं, राउटरमध्ये आवाजाची दारं उघडली, आणि तिकडून आवाज आला, “अगो, किती ओरडत्येस!”

दुसरा लोचा: पहिल्याच रात्री लॉगमध्ये कुठले कुठले अनोळखी पत्ते १००, १०१, १०२ असे नंबर आणि सोपे पासवर्ड लावून बघत होते. त्यातल्या एकाने स्वतःचं नाव सांगितलं होतं ‘फ्रेंडली स्कॅनर’. नाव फ्रेंडली आणि धंदे दरवाजे ठोठावायचे! दुसऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये घुसून त्याच्या बिलावर परदेशात कॉल करायचे, हा यांचा जुना फंडा. त्यामुळे पासवर्ड लांबलचक ठेवा आणि चार वेळा चुकणाऱ्याला बाहेर काढणारं सॉफ्टवेअर लावा. माझ्याकडे चोरायला बाहेरची लाइनच नाही. ती मी मुद्दाम जोडली नाही, कारण परवान्याशिवाय इंटरनेटवरचे कॉल बाहेरच्या फोन नेटवर्कमध्ये उतरवणं आपल्याकडे गुन्हा आहे. हा आपला घरातल्या घरात इंटरकॉम, बस्स.

मग सहा महिने मस्त गेले. मी उचलला नाही तर माझ्याच आवाजात ‘आजी, मी मीटिंगमध्ये आहे, निरोप ठेव’ असं वाजायचं. आजी त्यालाच उत्तर द्यायची, “बरं बरं, जेव वेळेवर.” व्हॉइसमेलमध्ये असे अठरा निरोप साठले होते. ऑफिसात मी कॉलर ताठ करून सगळ्यांना ऐकवायचे.

ऑगस्ट २०२३. मी बंगळुरूला क्लायंटकडे. पुण्यात शनिवारी रात्री दोन-तीनदा लाइट गेले-आले. आमच्या पायचं सगळं चालतं एका मेमरी कार्डावर. त्यावर लिहिणं चालू असतानाच वीज गेली आणि कार्ड मेलं. मला पत्ताच नाही. आजीचा फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असा माझा हिशेब.

रविवारी संध्याकाळी आजी न्हाणीघरात घसरली. भिंत धरून, सरपटत फोनपर्यंत आली. १ दाबलं, २ दाबलं, ० दाबलं. समोर एक्स्चेंजच नाही म्हटल्यावर अ‍ॅडाप्टर देतो तो टोन, टूं टूं टूं. खळ्यापर्यंत जाऊन मोबाइलची रेंज धरणं शक्यच नव्हतं. सोमवारी सकाळी शेजारच्या काकू फुलं न्यायला आल्या, तेव्हा कळलं. चिपळूणला एक्सरे काढला. घोट्याला क्रॅक, सहा आठवडे प्लास्टर.

मी पोचले तेव्हा ती मलाच समजावत होती. “एंगेज लागत होता गो. म्हटलं, कामात असशील.”

मी नोकरीने टेस्टर आहे, बरं का. ‘समोरचा सर्व्हर बंद असेल तर युजरला काय दिसतं?’ हा प्रश्न मी दिवसातून चार वेळा डेव्हलपर्सच्या तोंडावर मारते. घरी तो एकदाही विचारला नव्हता.

आता सगळं नव्याने लावलंय. राउटर, पाय, अ‍ॅडाप्टर सगळ्यांना छोटे यूपीएस, पुण्यात आणि गावातही. लॉग कार्डावर लिहिणं बंद, ते रॅममध्येच राहतात. कार्डाची तयार कॉपी ड्रॉवरमध्ये. पाय दर मिनिटाला आजीच्या अ‍ॅडाप्टरला विचारतो, ‘आहेस का?’ पाच मिनिटं उत्तर नाही आलं तर माझ्या मोबाइलवर मेसेज. पण पायच मेला तर तो स्वतःच्या मरणाची बातमी कशी देणार? म्हणून तो दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका सर्व्हरला हजेरी लावतो. हजेरी चुकली की बोंब तो सर्व्हर मारतो.

हे करायचं असेल तुम्हाला, तर जरूर करा. दोन वीकेंडचं काम आहे, आणि एक्स्चेंज आतून कसं चालतं हे कळल्यावर येणारी मजा मॉलमध्ये मिळत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, यावरून ११२ लागत नाही. त्यासाठी दुसरी सोय हवीच. आमच्याकडे आता आजीच्या पलंगाशी एक बटण आहे आणि काकूंच्या स्वयंपाकघरात त्याची घंटा. दोन घरांमधून एक वायर आणि बॅटरी. ना लिनक्स, ना इंटरनेट. आजीला माझ्या अख्ख्या प्रोजेक्टपेक्षा तेच जास्त आवडलंय!

आणि हो, त्या प्रकरणानंतर मी माझ्या मोबाइलमधल्या फोन अ‍ॅपची हिस्टरी उघडून बघितली. अपघाताआधीच्या आठवड्यात आजीकडून मला आलेले कॉल: नऊ. मी आजीला केलेले: शून्य. मी एकदा जरी लावला असता, तरी लाइन बंद असल्याचं कळलं असतं. आता सकाळी पावणेआठला, बस पकडायच्या आधी, नंबर मी फिरवते.